शेपटाची शिट्टी

ही गोष्ट माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलेली आहे. रोजची प्रार्थना आटोपून त्याच जागेवर बसून लिहिते आहे. इथे बसून माझ्याने खोटं लिहवणार नाही.

पानगळीचे दिवस होते. रविवारची दुपार. हो, रात्र नव्हती.

ताई आणि भाऊजी डोंगरात चालायला जाणाऱ्या एका मंडळात होते. सात-आठ माणसं, सगळी पन्नाशीपुढची. सगळ्यांत पुढे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. सगळ्यांत मागे चालेल त्याला म्हणायचं 'शेपूट'. शिट्टी त्याच्याकडे.

वाटेत गुरं अडवायला फाटकं होती. प्रत्येक फाटकाशी मास्तर थांबून ओरडायचे, "शेपूट आलं का?" मागून एक लांब शिट्टी आली, की सगळे आहेत, चला पुढे. आली नाही, तर सगळ्यांनी मागे वळायचं. हा नियम कधी कुणी मोडला नव्हता.

त्या दिवशी शेपूट होते भाऊजी.

उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी चाला म्हटलं होतं, पण सावकाश. ताई दर चार पावलांनी मागे वळून बघायची.

"अगं, तू पुढे हो बघू," भाऊजी वैतागले. "सारखं आपलं छातीकडे लक्ष! माणसाला दम लागायचीसुद्धा चोरी."

"आणि काही झालं म्हणजे?"

"शिट्टी आहे ना माझ्याकडे. वाजली नाही, तर ये धावत."

मंडळातल्या बेकरीवाल्या बाई हसल्या. "चला हो तुम्ही. घटकाभर सुखाने श्वास घेऊ दे त्या बिचाऱ्याला."

माथ्यावर डबे खाऊन झाले. चढून घाम आला म्हणून भाऊजींनी जाकीट काढलं होतं. ताईने ते घडी करून आपल्या पाठपिशवीत कोंबलं. सगळे उतरायला लागले. भाऊजी बुटाची नाडी बांधायला एका दगडाशी टेकले.

"व्हा पुढे. आलोच."

आणि धुकं उतरलं.

पहिलं फाटक. मास्तर ओरडले, "शेपूट आलं का?"

सगळे कान देऊन उभे…

धुक्यातून शिट्टी आली. एकच. लांब.

ताईचा जीव भांड्यात पडला.

दुसरं फाटक. पुन्हा हाक. पुन्हा शिट्टी. या वेळी जरा जवळून…

"बघा, तुमच्यापेक्षा दमदार निघाले की!" मास्तर म्हणाले.

ताई हसली. पण तेवढ्यात तिच्या लक्षात आलं…

शिट्टी येत होती. पावलं येत नव्हती.

वाटेवर एवढा पाचोळा. पुढे चालणाऱ्यांच्या पायांखाली तो करकर वाजत होता. मागे मात्र काहीच नाही.

"अहो!" तिने हाक मारली.

उत्तर नाही. नुसती शिट्टी.

परत जावं का? पण शिट्टी तर आली होती. उगाच गेले, तर हे पुन्हा चिडतील. ती पुढे निघाली.

पायथ्याशी शेवटचं फाटक. शिट्टी आली ती अगदी फाटकापलीकडून. गारठले असतील म्हणून ताईने पिशवीतून जाकीट काढलं आणि झटकलं.

खिशातून काहीतरी खाली पडलं.

शिट्टी.

दोरीसकट.

बेकरीवाल्या बाईंनी ताईचा दंड घट्ट धरला.

आणि धुक्यातून… ती पुन्हा वाजली.

मास्तर फाटक उघडून धावले. वाट रिकामी होती.

भाऊजी माथ्यावरच सापडले. त्याच दगडाशी. एका बुटाची नाडी तशीच सुटलेली. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ जीव होता. वेळेत कुणी पोचलं असतं, तर…

बेकरीवाल्या बाई म्हणतात, "त्यांनीच वाजवली असेल. भिडस्त माणूस. आपल्यापायी कुणाचा खोळंबा नको."

ताईला ते पटत नाही. "त्यांना मी हवी होते गं," ती म्हणते. "ये धावत, म्हणाले होते. मग मला येऊ न देणारं ते कोण होतं?"

परवा ती माझ्याकडे राहायला आली. दिवेलागणीला अंगणाचं फाटक लावताना माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सगळे आत आले ना?"

अंधारलेल्या रस्त्यावरून…

एकच. लांब.

ताई माझ्या मागेच उभी होती. "कडी लाव," ती म्हणाली. आणि लगेच माझा हात धरला. "नको… तुझे भाऊजीच असले तर?"

मी कडी लावली.

तेव्हापासून प्रार्थनेला बसले, की माझे डोळे मिटत नाहीत. बाहेर कुणाला ठेवलं, ते मला ठाऊक नाही.