काही नाही, घरीच असते

पूर्वी कर्जाला नाही म्हणायला बँकेत माणूस असायचा. तो निदान नाही म्हणताना टेबलावरचे कागद तरी उगाच सारखे करायचा. आता काटा नाही म्हणतो, आणि त्याला कसली लाज?

सरकारी नाव 'परतावा अनुमानक'. पण उसाच्या गाड्या तोलण्यात जन्म गेलेल्या जयसिंगपूरनं त्याला पहिल्याच दिवशी काटा म्हणून टाकलं. कुठली पदवी घ्यायची ते सांगायचं आणि ओळख पटवायला पाटीवर तळहात ठेवायचा. मग तीच पदवी घेतलेल्या, तुमच्याच भागातल्या, तुमच्यासारख्याच घरातल्या लोकांनी पुढची पंधरा वर्षं काय कमावलं ते काटा धुंडाळतो. त्यावरून तुमची मिळकत काढतो आणि कर्जाच्या हप्त्यांशी तोलून बघतो. मिळकत जड झाली तर मंजूर, नाहीतर घरी जा.

सन्मती मगदूमला एम.बी.ए.साठी चौदा लाख हवे होते. प्रवेश परीक्षेत पोरगी जिल्ह्यात तिसरी आली होती. पुण्यातल्या कॉलेजात जागा मिळाली होती आणि फी भरायची मुदत शनिवारी संपत होती. शेजारी तिची आई त्रिशला फायलींची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

सन्मतीनं पाटीवर तळहात ठेवला आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटली. पाच वर्षं झकास वर चढली, सहाव्या वर्षी धपकन खाली आली आणि शेवटपर्यंत तळाशीच सरपटत राहिली.

"हे काय?" सन्मतीनं विचारलं.

"शून्य मिळकत," शाखाधिकारी हेरवाडे म्हणाले. "नामंजूर."

"शून्य? सहाव्या वर्षी मी मरणार आहे की काय?"

"छे छे! लग्न होत असेल. म्हणजे काट्याला लग्नबिग्न कळत नाही हं. आपल्याकडच्या व्यापारी घरातल्या मुली शंभरातल्या एकाहत्तर शून्यावर येतात, एवढंच त्याला दिसतं. बहुतेकींचं जे झालं, तेच तो तुझं धरतो."

"आणि मुलं?"

"मुलांची रेघ चालू राहते."

"म्हणजे माझ्या निम्मे मार्क पडलेल्यालाही कर्ज मिळणार!" सन्मती ताडकन उभी राहिली. "काटा मारलाय तुम्ही!"

अख्खी बँक वळून बघायला लागली. काटा मारणं म्हणजे वजनात चोरी; ऊसवाल्यांच्या मुलखात याहून वाईट शिवी नाही. हेरवाड्यांचे कान लाल झाले.

"बस खाली," त्रिशला म्हणाली. मग हेरवाड्यांकडे वळली. "ही शून्यं कुठून आणली तुम्ही?"

"लोकांनीच लिहून दिलेली आहेत, वहिनी. जनगणना, शाळेचे फॉर्म, रेशन कार्ड. यंत्र पदरचं काही घालत नाही. हे बघा, नावं झाकलेली असतात, पण नोंदी दिसतात."

शिरोळ तालुका, स्त्रिया, एम.बी.ए., मिळकत शून्य. चारशे बारा ओळी. गृहिणी. काही नाही. घरकाम. काही नाही. त्रिशलाचं बोट एका ओळीवर थांबलं.

'एम.बी.ए., प्रथम वर्ग. पतीचा व्यवसाय: मोटारपंप विक्री व दुरुस्ती. स्वतःचा व्यवसाय: काही नाही, घरीच असते.'

सन्मतीनं ते वाचलं. हे तिनंच लिहिलं होतं. पाचवीत, शाळेच्या फॉर्मवर, निळ्या पेनानं. "मम्मी, आई काय करते विचारलंय," असं तिनं दुकानात ओरडून विचारलं होतं. त्रिशला तेव्हा फोनवर कंपनीच्या माणसाशी चाळीस पंपांच्या भावासाठी भांडत होती. फोनवर हात ठेवून ती म्हणाली होती, "लिही की, काही नाही, घरीच असते."

बावीस वर्षं खरेदी तिची, जी.एस.टी. तिचा, वसुली तिची. नवऱ्यानं फक्त पंप उघडायचे. आणि त्या सगळ्याची नोंद काय, तर काही नाही! संताप येणार नाही तर काय होणार?

"दुरुस्त करा हे," त्रिशला म्हणाली.

"होतं की. हा फॉर्म भरा. पण मालकाची सही लागेल. इतकी वर्षं, एवढ्या पगाराचं काम केलं म्हणून."

"मालकाची? आम्ही नवऱ्याला मालकच म्हणत आलोय, हेरवाडेसाहेब. एकदा तरी त्या शब्दाचा उपयोग होऊ दे."

"पण एका नोंदीनं रेघ केसभरही हलायची नाही, वहिनी. निम्म्या तरी बदलायला हव्यात."

"मग चारशे बारा फॉर्म द्या."

दुकानात भूपाल मगदूम मोटार खोलून बसले होते. त्रिशलानं फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला, काय झालं ते सांगितलं आणि पेन पुढे केलं.

ते हसले. "अगं, सगळं घरचंच तर आहे. तुला कसला पगार लिहायचा?"

"तेच तर! तुम्ही लिहिला नाही, मी मागितला नाही, आणि पोरगी शून्य झाली. करा सही."

"लोक काय म्हणतील? बायकोला नोकर ठेवलं?"

तेवढ्यात फोन वाजला. कुणीतरी पाच हॉर्सपॉवरच्या पंपाचा भाव विचारत होतं. भूपालांनी सवयीनं फोन बायकोपुढे धरला. त्यांना भाव कुठे माहीत होते?

त्रिशलानं हात मागे घेतला. "सांगा त्यांना, ती काही करत नाही. घरीच असते."

फोनमधून "हॅलो, वहिनी आहेत का?" असं ऐकू येत राहिलं. भूपालांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात पेन.

सन्मतीनं उरलेला गठ्ठा पिशवीत भरला. "मम्मी, आधी कुणाकडे जायचं?"

"सोनाराच्या अर्चनाकडे. तीही एम.बी.ए. आहे आणि सगळी पेढी तीच बघते."

आज बुधवार. शनिवारपर्यंत किती घरांतले मालक सही करतील?