ह्यांच्या फोनवरून आलेले फोटो

दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती, तेव्हा हे सुरू झालं. आमच्या तान्ह्या लीलाला झोळीत टाकून मी ज्वारी निवडत बसले होते. फोन वाजला. बघितलं तर लिहून आलं होतं : योगीराज यांच्या फोनवरून नवीन फोटो जमा झाला.

योगीराज म्हणजे आमचे हे. वडवणीच्या रस्त्यावर टेम्पोनं उडवलं, त्याला महिना होत आला होता.

आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला जाळत नाहीत. कपाळाला भस्म लावून, हातात इष्टलिंग देऊन, बसवून, वर बेलाची पानं टाकून माती देतात. ह्यांना खड्ड्यात उतरवायच्या आधी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, ह्यांचा फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातला. "असू द्या त्याच्यापाशी. त्याच्याबिगर माझ्या लेकराला करमायचं न्हाई." त्यांच्या तोंडाकडं बघून कुणी अडवलं नाही.

आमचे दोघांचे फोन एकाच खात्यावर होते. मोबाइलवाल्या पप्पूनंच तसं करून दिलं होतं. "एका घरची माणसं, एकच खातं बास हाय, वैनी." मी घरी काढलेला फोटो आपल्या दुकानात बसलेल्या ह्यांच्या फोनात जायचा, त्यांचा माझ्या फोनात यायचा. लीला पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा मी फोटो काढला, तर लगेच ह्यांचा फोन. "कावेरी, पोरगी पालथी पडली अन् मला बोलवलं कावून न्हाई?" गिऱ्हाईक तसंच सोडून घरी आले होते.

तर तो फोटो उघडला. नुसता काळा. नीट बघितल्यावर एका कोपऱ्यात तांबूस काहीतरी दिसलं. बोट होतं. ह्यांना ती खोडच होती, फोटो काढताना बोट काचेवर यायचं. मी किती हसायचे, "आधी ते बोट काढा," म्हणायचे.

मी कुणाला सांगितलं नाही. लीलाला उचललं आणि तिचा एक फोटो काढला. थोड्या वेळानं तिकडून दुसरा काळा फोटो आला. कोपऱ्यात बोट.

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली नाही. आत्याबाई दुपारच्या झोपल्या की मी वेणी घालून फोन घेऊन बसायचे. लीलाला दात आला, "हे बघा," म्हणून फोटो काढला. उभी राहायला लागली, काढला. तिकडून काळा फोटो यायचा, तेवढंच. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

मग एक दिवस आलेला फोटो काळा नव्हता.

त्यात लीला होती. झोळीत झोपलेली, वरून काढलेली, जिथं झोळीची दोरी आढ्याला बांधलीय तिथून. मी तेव्हा चुलीपाशी होते. पळत गेले. खोलीत ओल्या मातीचा आणि बेलाच्या पानांचा वास भरला होता. वारा नव्हता, तरी झोळी हलत होती.

"अहो…" मी म्हणाले. "आलात का?"

झोळी थांबली.

लीलाला बाहेर काढलं. तिची मूठ घट्ट मिटलेली. उघडली, तर आत ओली काळी माती… ऐन उन्हाळ्यात, फरशीच्या घरात.

तेव्हापासून पोरीनं दूध सोडलं. पाय गार पडायचे. दिवसभर झोपून असायची, जागी झाली की आढ्याकडं हात करून हसायची. शेवटी आत्याबाईंनीच विचारलं, "कावेरी, पोरीच्या नखात ही माती कुठली गं?"

मी फोन दाखवला. त्यांनी एकेक फोटो सरकवून बघितला.

"पोरीला न्यायला बघतोय," हळूच म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावला. "माझ्याकडं न्हाई आला… एकदाबी."

लीलाला कडेवर घेऊन मी पप्पूचं दुकान गाठलं. तो आधी हसला. "दादाचा फोन कुणी उकरून आणला काय, वैनी?" मग माझा फोन हातात घेऊन बघायला लागला आणि त्याचं हसू गेलं.

"आत्ता… आत्ता चालू दाखवतोय."

"बंद कर."

"खात्यातून काढून टाकला की तिकडलं इकडं येणार न्हाई, इकडलं तिकडं जाणार न्हाई." त्यानं फोन माझ्याकडं सरकवला. "पण तुमीच दाबा. मी न्हाई."

मी दाबलं. फोननं विचारलं, त्या फोनवर गेलेले फोटो तिथंच राहू द्यायचे का?

"न्हाई म्हणा, वैनी."

माझा हात थांबला. मनात आलं, एवढ्या अंधारात माणूस एकटा बसलाय. लेकीचं तोंडसुद्धा काढून घ्यायचं का त्याच्याकडून? मी 'हो' दाबलं.

त्या संध्याकाळी लीला पोटभर दूध प्याली. पाय ऊबदार झाले. तिकडून परत एकही फोटो आला नाही. मी देवापुढं दिवा लावला आणि लई रडले, सुटले म्हणूनही आणि तुटले म्हणूनही.

पंधरवड्यानं बीडहून माझी बहीण बबिता आली. लीलाला मांडीवर घेऊन तिनं आपल्या फोनवर फोटो काढला. बघितला आणि फोन माझ्यापुढं धरला. फोटोत बबिता होती. तिचे हात कुणाला तरी धरल्यासारखे गोल होते. मांडीवर कुणी नव्हतं.

"परत काढू?" ती म्हणाली. परत काढला. तसाच.

मी लीलाला तिच्याकडून घेतलं. ती हलकी लागली, फोटो काढायच्या आधी होती त्याहून हलकी.

माझ्या फोनातले तिचे जुने फोटो उघडले. दात आलेला, उभी राहिलेली, सगळे. झोळी आहे, भिंत आहे, माझा हात आहे. ती नाही. तिथंच राहू द्या, असं मीच दाबलं होतं.

आता लिहितेय तर लीला माझ्या मांडीला टेकून बसलीय. तिचा श्वास माझ्या हाताला लागतोय. पुढच्या महिन्यात तिचा पहिला वाढदिवस आहे, पालीचे, बीडचे पाहुणे येतील. एवढं सगळ्यांना सांगा : या, जेवा, पोरीला मांडीवर घ्या, पण फोन खिशातच राहू द्या. कुणाकडं तिचा जुना फोटो असेल तर उघडून बघा, त्यात ती आहे का… असली तर मला कळवा. नवा मात्र कुणी काढू नका. ज्यानं हे वाचलं, त्यानं पुढच्याला सांगा.