लांब उभा राहणारा डॉक्टर

शेठ दवाखान्याच्या पायरीवर जो बसला तो उठेचना. शेठ म्हणजे बाबांचा कुत्रा. मी ओढतेय, बाबा गोंजारतायत, तो ढिम्म. इतक्यात एका तरुणाने त्याला अलगद उचललं आणि माझ्याकडे बघून हसला... झालं, माझं काम तमाम!

तोच डॉक्टर निघाला. शेठच्या पाठीवरचे पांढरे, टणक खडे त्याने हळूच चाचपले. "कातडीत कॅल्शियम साठलंय. घरात कोणी स्टिरॉइडचं मलम वापरतं?"

बाबा छताकडे बघू लागले. स्वतःचं खाजेचं मलम ते गुपचूप शेठलाही चोपडत होते. "त्यालाही खाजतं हो," ते पुटपुटले.

"ते हळूहळू बंद करू. हे जेल लावा, पण हातमोजे घालूनच. नाहीतर ते अंगात भिनतं आणि तोंडाला लसणाचा वास येतो."

सांगायला काय जातंय! हातमोजे दिसले की शेठ पलंगाखाली. शेवटी मी उघड्या हातांनीच लावू लागले, आणि व्हायचं तेच झालं. दर आठवड्याला दवाखान्यात तोंडाला ओढणी लावून मी भिंतीशी बोलायचे. तो शेठला जेल लावायचा आणि मास्क चढवून थेट खिडकीपाशी. एवढा कसला रुबाब, म्हणून मी घरी येऊन चरफडायचे. आवडायचा ना मला तो!

शेठची पाठ मऊ झाली.

"आता यायची गरज नाही," तो खिडकीला म्हणाला.

"बरं," मी भिंतीला म्हटलं.

"अरे, एकदा तरी एकमेकांकडे बघून बोला," बाबा वैतागले.

तो वळला. मास्क काढला. "लांब उभा राहतो म्हणून राग मानू नका. शेठ हातमोज्यांना घाबरतो, मग मी उघड्या हातांनीच—"

आणि वास आला. लसणाचा, घमघमीत.

मी ओढणी खाली केली. "तुम्हीसुद्धा?"

तो हसत सुटला... मग एकदम गंभीर झाला. "तुम्ही यायच्या बंद झालात तर मला करमणार नाही. उद्या चहाला येता? तसंही आपल्याजवळ दुसरं कोण बसणार?"

"येते," मी म्हटलं. चक्क त्याच्या डोळ्यांत बघून.

"जा गं खुशाल," बाबा म्हणाले, "शेठला मी सांभाळतो."

"मलम न लावता!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.