बारा पानं अलीकडं

त्या दिवशी सागरमाळावरच्या विद्यापीठातली वीज गेली नसती, तर श्रुती राजारामपुरीतल्या त्या नेटकॅफेची पायरीसुद्धा चढली नसती. तिथं इन्व्हर्टर होता. आणि काउंटरमागं अनेकांत होता... पण त्याच्याकडं तिनं आधी नीट बघितलंच नाही. तिला कुठं सवड होती! साखर कारखान्यांच्या जुन्या अहवालांच्या पीडीएफ तिनं सीडीवर आणल्या होत्या. ऊसतोड बायकांची मजुरी कुठल्या पानावर लिहिली आहे, ते ती शोधून नोटपॅडमध्ये टिपून ठेवी आणि खात्री करायला पुन्हा पानं सरकवत बसे. प्रबंध महिनाअखेरीला द्यायचा होता, त्यावर पुण्यातली नोकरी ठरली होती. एवढं शिकलेली तिच्या घरातली ती पहिलीच.

"पावणं, किती सरकवताय?" मागून आवाज आला. "नुसतं ओळीवर क्लिक केलं की तेच पान उघडंल, असं करून देऊ का?"

"फुकट बढाया मारू नका," ती म्हणाली. कोल्हापूरची पोरगी, ती कुणाला ऐकते!

दोन-तीन दिवसांत त्यानं खरंच छोटासा प्रोग्रॅम करून दिला. तिनं मोठ्या उत्साहानं मजुरीच्या ओळीवर क्लिक केलं – आणि पडद्यावर चेअरमनसाहेब आले. गळ्यात हार, डोक्याला फेटा!

"मी मजुरी मागितली, तुमी सत्कार दाखवताय," ती म्हणाली.

घोळ साधा होता. प्रत्येक अहवालाच्या सुरुवातीला संचालकांचे फोटो, आणि त्या पानांवर आकडे नाहीत. संगणक मात्र मुखपृष्ठापासून मोजत होता. त्यामुळं तिचं क्लिक बारा पानं अलीकडं जाऊन पडलं होतं. एकेक ओळ हातानं दुरुस्त करावी लागेल, वेळ जाईल, असं अनेकांत म्हणाला आणि मान खाली घालून कामाला लागला.

मग रोजची संध्याकाळ तिथंच. ती पान सांगायची, तो आकडा बदलायचा. 'पावणं'चं 'श्रुती' कधी झालं, तुमीचं तू कधी झालं, कळलंच नाही. एखादा चेअरमन फारच मिशाळ निघाला की दोघं एकदम हसत, आणि मग उगीचच पडद्याकडं बघत. गडमुडशिंगीला घरी परतताना बसमध्ये तिला चैन पडेना. कारण दिवस कलला की तो एकदा दाराबाहेर बघायचा, घुटमळायचा, आणि पुन्हा बसायचा. कंटाळला असेल आपल्याला? विचारावं तरी कसं... नाही म्हणाला तर?

एक दिवस तो लग्नासाठी कागलला गेला आणि ती एकटीच कामाला बसली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की एका अहवालात प्रत्येक ओळ बाराच पानं चुकते, दुसऱ्यात प्रत्येक ओळ नऊच. म्हणजे अहवालागणिक एकच आकडा मिळवायचा की! मला कळलं ते प्रोग्रॅम करणाऱ्याला कळलं नसेल? तिचं डोकं सणकलं.

तेवढ्यात मागच्या घरातून त्याची आई अक्काताई चहा घेऊन आली. "तू तरी सांग बाई त्याला. दिवस बुडाल्यावर आमच्यात जेवत न्हाईत. आन ह्यो त्याच येळंला तुझ्याजवळनं उठत न्हाय. रोज उपाशी निजतोय."

रागावलेल्या माणसाला असं काही सांगू नये. श्रुतीला धड रागावताही येईना, धड रडताही येईना.

दुसऱ्या दिवशी तिनं सरळच विचारलं, "बारा मिळवायचं होतं. एवढंच न्हवं?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं..." अनेकांत पुटपुटला. "पण लगेच झालं असतं, तर तू परत कशाला आली असतीस?"

"माझी आज्जी ऊस तोडायची. तिच्यासारख्यांची मजुरी शोधतोय मी. त्यात खेळ करायचा न्हाय."

"चुकलं माझं," तो म्हणाला. चहा निवायच्या आत काम झालं. प्रत्येक ओळ बरोबर पानावर उघडली. ती मागं न बघता गेली.

प्रबंध दिला. पुण्याची बॅग भरली. आनंद व्हायला हवा होता, पण जीव कशातच लागेना. शेवटी तिनं घरी सगळं सांगितलं आणि बस पकडली.

तिला दारात बघून अनेकांत दचकून उठला. "काय राहिलं का?"

"काय न्हाय राहिलं. आज कसलंच काम न्हाय... तरी आलोय मी."

उन्हं तिरपी झाली होती.

"जेवून घे आधी," ती म्हणाली. "आणि माझ्या घरात मी सांगितलंय. वडील उठून भाईर गेलं, परत येऊन म्हणालं, आण पोराला. तुझं काय?"

अनेकांतनं एकदा आत बघितलं. आपण जैन, ती बौद्ध. आई काय म्हणेल, हा घोर त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. तरी तो आतल्या दाराशी गेला.

"आई, दोन ताटं वाढ. श्रुती आलीय... घरातलीच समज."

आतली भांडी एकदम गप्प झाली. श्रुतीनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. मग ताट मांडल्याचा आवाज आला, त्यामागून दुसऱ्याचा.

"मग हात धुऊन बसा की," अक्काताई म्हणाली. "सूर्य काय तुमच्यासाठी थांबणार हाय व्हय?"