काका बोलू लागले

रीस्टार्टताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण आसपासच्या गल्ल्यांत कुणाला तिचं खरं नाव विचारलं असतं, तर लोक डोकं खाजवत बसले असते. घरोघरी जाऊन कॉम्प्युटर ठीक करून देणं हा तिचा धंदा, आणि फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला, बंद करून परत चालू केलात का? निम्म्या लोकांचं काम तिथेच भागायचं. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांची एखादी वायर सैल असायची. आमच्या मशिनमध्ये भूत शिरलंय, अशी तक्रारही तिने कितीदा तरी ऐकली होती, आणि दर वेळी आत धूळच सापडली होती. तिला त्याचं भारी हसू यायचं.

काकूंचा फोन आला तोही साधाच. कॉम्प्युटर गोगलगाय झालाय, जरा येऊन जा.

काकू आणि काका तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. काका बसस्थानकावर कुठली गाडी कुठून सुटणार ते सांगायचे. आवाज असा खणखणीत की भोंगा बंद पडला तरी त्यांचं काही अडायचं नाही. मग अर्धांगाचा झटका आला. पुढे हात हलू लागला, पाय हलू लागला, पण वाचा काही परत येईना. बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलं म्हणून लेकीने परगावाहून एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. आपण माईकसमोर बोलायचं आणि पडद्यावर अक्षरं उमटायची. काकूंचं मागणं एकच होतं. त्यांनी मला एकदा हाक मारावी, बाकी मला काही नको, असं त्या येईल त्याला सांगत.

रीस्टार्टताई कामाला लागली आणि हसत सुटली. काकूंनी इंटरनेटवर उघडलेलं एकही पान कधी बंद केलं नव्हतं. पाहुण्याला जा म्हणावं तसं वाटतं गं, असं त्यांचं म्हणणं. तिने ती पानं मिटली, मशिन चालू होताच आपोआप जागे होणारे नको ते प्रोग्रॅम बंद केले, कचरापेटी रिकामी केली, पंख्यातली धूळ ब्रशने झाडली. मशिन हरणासारखं पळायला लागलं. काकू खूश. म्हणाल्या, आता गंमत दाखवते, आणि त्यांनी त्या सॉफ्टवेअरचं पान उघडलं.

पानभर काका होते. ‘अगं, चष्मा तुझ्या डोक्यावर आहे.’ ‘अगं, भाजी करपली की काय, का मुद्दामच तशी केलीस?’ खालपर्यंत असंच, टोमणे, लाडीगोडी, जुन्या भांडणांची उजळणी. काकूंनी मोठ्याने दिलेली उत्तरं पानावर नव्हती, पण ती कुठे बसत असतील ते कळत होतं. काकांच्या ओठांतलं पुटपुटणं यंत्राला बरोबर कळतं, असं काकू कौतुकाने सांगत होत्या. लग्न झालं तेव्हासुद्धा इतकं बोलले नव्हते गं, म्हणाल्या, आणि लाजल्या. काका खिडकीपाशी खुर्चीत बसून बाहेर बघत होते. रीस्टार्टताईला मनापासून बरं वाटलं. आपल्या धंद्याचं असं चीज क्वचितच होतं.

मग तिचं लक्ष माईककडे गेलं. काकूंना विणकामाचा नाद. धूळ बसू नये म्हणून त्यांनी माईकला लोकरीची जाड टोपी घातली होती. तिने टोपी काढली, वायर धरून मागे हात घातला आणि थांबली. माईकची पिन गुलाबी भोकात हवी. ती हिरव्या भोकात, स्पीकरच्या जागी होती. ही चूक काकूंचीच. हिरवा रंग ह्यांच्या आवडीचा म्हणून तिथे खोचली, पहिल्या दिवसापासून तिथेच आहे, असं त्यांनी सांगून टाकलं.

म्हणजे माईकने या घरातलं एक अक्षरही ऐकलेलं नव्हतं.

तिने माईकसमोर टाळ्या वाजवल्या, गाणं म्हटलं. पान कोरंच. पिन गुलाबी भोकात खोचली, तर तिचं गाणं धडाधड टाइप झालं. परत काढली, पान परत गप्प. इथवर सगळं शहाण्यासारखं. मग काकांची ती वाक्यं आली कुठून? शेजाऱ्यांचा बिनवायरचा कीबोर्ड असेल म्हणून तिने तो रस्ता बंद केला. लांबून कुणी खोड्या काढत असेल म्हणून इंटरनेटची वायर उपटली. व्हायरस शोधला, सापडला नाही. शेवटी आपला हातखंडा उपाय केला, बंद करून परत चालू.

पान उघडलं. माईक टेबलावर सुटा पडला होता. काका खिडकीतून खाली बघत होते, ओठ घट्ट मिटलेले.

‘अगं, पोरगी मघापासून राबतेय. तिला चहा तरी दे.’

ती चटकन मागे सरकली. काकू मात्र खळखळून हसल्या आणि कपाळावर हात मारून चहा ठेवायला गेल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, “चालतंय ना? मग कशाला खोलात जायचं?”

हे तर रीस्टार्टताईचंच वाक्य. गिऱ्हाइकांना ती हेच सांगायची. तिने चहा प्यायला, तो फक्कड झाला होता, आणि काकूंचा फुललेला चेहरा बघून तिलाही खोलात जावंसं वाटेना. उतरताना ती जिन्यात शीळ घालत होती.

पुढे काकूंचा फोन आला तो सकाळीच, हसण्यारडण्यात कालवलेला. काका बोलले! स्वच्छ, मोठ्याने बोलले. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, आता यंत्र काढा, त्यांना स्वतःचं तोंड वापरू द्या.

ती गेली तेव्हा घर नुसतं भरून वाहत होतं. लेक येऊन थडकली होती, शेजारीपाजारी दारात उभे राहून ऐकत होते. काका खुर्चीत ताठ बसले होते.

“या. बसा,” ते तिला म्हणाले. तोच खणखणीत आवाज.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकू तर हवेत होत्या. म्हणाल्या, सकाळी मला ‘पाणी द्या’ म्हणाले. आयुष्यभर अगंतुगं केलं, आणि आता मला अहो-जाहो! बढती मिळाली बघ मला. सगळे हसले. शब्द असेच मागेपुढे होऊन परत येतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. काकाही हसले. जरा उशिरा हसले.

शेजारी पांगले. लेक त्यांना सोडायला खाली गेली. रीस्टार्टताईने माईक गुंडाळून पिशवीत टाकला आणि सॉफ्टवेअर काढायला घेतलं. नक्की काढायचं का, अशी चौकट आली. हो. नाही.

तिने बाण ‘हो’वर नेला.

चौकटीमागच्या पानावर अक्षरं उमटू लागली.

‘अगं, आपल्या घरात हा कोण बोलतोय?’

तिने मान वळवली. पडद्याची पाठ खुर्चीकडे होती. तिथून काकांना काही दिसणं शक्य नव्हतं. ते तिच्याकडे बघून हसत होते.

“काढून टाका ते,” काका म्हणाले.

काकू तिच्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी ओळ वाचली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, विसरल्यासारखं. मग त्यांनी माऊसवरचा तिचा हात अलगद बाजूला केला, ‘नाही’ दाबलं, स्टूल ओढून अगदी पडद्याला टेकून बसल्या आणि खुर्चीपर्यंत जाऊ नये इतक्या हलक्या आवाजात त्या ओळीला म्हणाल्या,

“मलाही माहीत नाही हो.”