चकरी कुणी भरली?

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण हे माझ्या बाबतीत घडलंय, ऐकीव नाही.

आधीच सांगते, रात्र नव्हती. शनिवारची टळटळीत दुपार होती. शाळा सुटलेली, मैदानात शिपाईकाका तेवढे झाडू मारत होते.

पण त्या खोलीत दिवसासुद्धा रात्रच असते.

आमच्या शाळेत फोटोग्राफीचा वर्ग होता. शिकवणाऱ्या सरांना सगळे फोटोसर म्हणायचे. त्यांचा हट्ट एकच, मोबाईल बाहेर ठेवायचा आणि रोलवरच शिकायचं. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीची त्यांनी डार्करूम केली होती. आधी दार, मग थोडी जागा, मग जाड काळा पडदा. मधल्या जागेमुळे आत काम चालू असताना कुणी बाहेर पडलं, तरी उजेडाची तिरीप आत येत नसे.

हे लक्षात ठेवा.

रोल धुवायच्या आधी तो प्लॅस्टिकच्या चकरीवर गुंडाळावा लागतो. मग चकरी डब्यात ठेवून झाकण लावायचं. हे सगळं मिट्ट काळोखात. लाल दिवासुद्धा चालत नाही. झाकण लागण्याआधी जरा उजेड लागला की रोल कायमचा गेला; एकदा लागलं की पुढचं धुणं उजेडातही चालतं.

म्हणून सरांनी जोड्या लावल्या होत्या. एकीने चकरी भरायची, दुसरीने शेजारी उभं राहून झाकण धरायचं. आणि भरणारी काहीही बोलली की दुसरीने 'हूं' म्हणायचं. सर म्हणायचे, "काळोखात माणूस घाबरलं की पहिला हात दिव्याच्या बटणावर जातो. शेजारचीचा हुंकार येत राहिला की हात जागेवर राहतात."

माझी जोडीदार टिल्ली. उंचीमुळे पडलेलं नाव. पहिलीपासून एका बाकावर बसलो होतो. शिक्षासुद्धा जोडीनेच भोगायचो. ती सतत पेपरमिंट चघळायची, दातांवर गोळी आपटल्याचा आवाज चालूच. बाई ओरडल्या की गोळी गिळून टाकायची आणि मग दिवसभर माझ्या नावाने खडे फोडायची, जणू मीच चुगली केली.

तिच्याइतका विश्वास मी कुणावर टाकला नव्हता. बाबांवरसुद्धा नाही.

आता रोलबद्दल सांगते.

माझी आई त्याच्या आदल्या वर्षी गेली. तिला फोटो काढायचं वेड होतं, त्यामुळे घरात सगळ्यांचे ढीगभर फोटो आणि तिचा धड एक नाही. ती कायम कॅमेऱ्याच्या मागे. शेवटच्या आजारपणात मात्र मी आणि बाबांनी तिला गॅलरीतल्या खुर्चीत बसवून तिचे फोटो काढले होते. "माझं काय ध्यान झालंय, नका रे," म्हणत ती हसत होती.

तो रोल तसाच कॅमेऱ्यात राहिला. बाबांना त्याला हात लावायचा धीर होईना. वर्गाला गेल्यावर मी म्हटलं, मी स्वतः धुईन.

बाबा म्हणाले, "बघ बाई. तेवढंच उरलंय आपल्याकडे."

सर म्हणत होते, आधी एखादा टाकाऊ रोल भरून हात बसव. मीही थांबणार होते. पण टिल्ली मागेच लागली. तिने आदल्या आठवड्यात तिचा घरचा रोल धुतला होता, त्या दिवशी तिची जोडीदार मी नव्हते, मला ताप होता. तो रोल ती मला दाखवेना. विचारलं की म्हणायची, "वाया गेला गं, सोड ना." डोळे सुजलेले असायचे.

"तुझ्या आईचा रोल आपणच धुऊया," ती म्हणाली. "शनिवारी. कुणी नसतं. मी आहे ना!"

मी आहे ना... एवढं पुरलं मला.

आम्ही आत गेलो. दार लावलं, पडदा ओढला. दिवा मालवला.

डोळे उघडे की मिटलेले, तेही कळत नाही अशा काळोखात मी रोलची डबी उघडली. टिल्लीची गोळी दातांवर वाजत होती.

"टोक सापडलं गं."

"हूं."

चकरी फिरायला लागली. कट... कट... कट...

मग फिल्म अडकली. माझ्या हाताला घाम सुटला होता. ओल्या बोटांनी फिल्म चिकटते, दुमडते. आई त्या फिल्मवर होती.

"टिल्ले, अडकली गं."

"हूं."

"काय करू? फाटेल."

"हूं."

"तू धर जरा. माझे हात ओले आहेत."

मी चकरी पुढे केली. समोरून हात आला आणि ती घेतली.

हात कोरडा होता. आणि गार... उन्हाळ्याची दुपार असून गार.

मग चकरीचा आवाज सुरू झाला. कट, कट, कट, कट. कुठे अडखळणं नाही. सरसुद्धा इतकं सफाईने भरत नव्हते.

"अगं, तू कधी शिकलीस एवढं?" मी हसून विचारलं.

"हूं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गोळीचा आवाज थांबला होता.

मी कान देऊन ऐकलं. गोळी नाही. श्वास नाही. टिल्लीच्या करकरणाऱ्या चपला नाहीत. फक्त ती चकरी.

तीही थांबली. झाकण फिरल्याचा आवाज आला आणि बंद डबा अलगद माझ्या हातात ठेवला गेला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"झालं का गं?" टिल्लीचा आवाज.

बाहेरून.

आणि माझ्या कानाशी, अगदी जवळून, कुणीतरी म्हणालं...

"हूं."

दिव्याचं बटण कसं सापडलं, मला आठवत नाही. खोली रिकामी होती. मी पडदा ओढून बाहेर आले. टिल्ली भिंतीला टेकून उभी होती.

"तू केव्हा बाहेर आलीस?"

"मगाशीच. सांगून आले की तुला."

सांगून आली नव्हती. आणि हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर माझ्या हातातल्या डब्यावर होती.

मी रडत रडतच रोल धुतला. तो टाकवेना म्हणून धुतला. दार सताड उघडं ठेवून, शिपाईकाकांना समोर बसवून. शेवटी फिल्म पाण्यातून काढली आणि दारातल्या उजेडात धरली.

रोल उत्तम धुतला गेला होता. एक ओरखडा नाही.

आमची गॅलरी होती. कुंड्या होत्या. दोरीवरचे कपडे होते. खुर्ची होती... रिकामी. उशी मधोमध दबलेली. एका फोटोत बाबा खुर्चीशेजारी वाकून हसताहेत आणि त्यांचा हात हवेतच, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा. तो फोटो मी काढला होता. तेव्हा त्या खांद्यावर आईची शाल होती.

एकाही फोटोत आई नव्हती.

सोमवारी सरांना फिल्म दाखवली. त्यांनी ती पुन्हा पुन्हा उजेडात धरली. त्या दिवसापासून खोलीला कुलूप लागलं आणि आम्ही मोबाईलवर फोटोग्राफी शिकायला लागलो.

टिल्ली शाळेत येईना. आठवडा गेल्यावर मी तिच्या घरी गेले. दार तिच्या ताईने उघडलं. ताई म्हणजे आमच्यापेक्षा बरीच मोठी, आमच्या वेण्या घालून देणारी, माझ्या आईच्या आजारपणात घरी डबा पोचवणारी.

"ये गं, ये. बघ, उठले बाई मी एकदाची," ती म्हणाली. "काय झालं होतं ते डॉक्टरलाही कळलं नाही. डोळेच उघडवेनात."

मला तर ताई आजारी असल्याचंच माहीत नव्हतं. टिल्लीने अवाक्षर काढलं नव्हतं.

आतल्या खोलीत टिल्ली भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी दार लोटलं.

"खरं सांग. आत काय आहे?"

 ती बोलली ते आजही मला शब्दन् शब्द आठवतं.

"माझ्या रोलमधून ताई गेली होती गं. प्रत्येक फोटोतून. मी घरी आले तर ताई अंथरुणावर. दुसऱ्या दिवशी मी परत त्या खोलीत गेले, पाया पडले, म्हटलं ताईला सोड. तेव्हा आतलं ते बोललं. म्हणालं, बदल्यात दुसरं कुणी आण."

"आणि तू माझी आई दिलीस?"

"तुझी आई तर आधीच गेलेली ना गं..." ती हुंदके देत म्हणाली. "माझी ताई जिवंत आहे."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. नाही मारली. बाहेर ताई माझ्यासाठी सरबत करत होती, चमचा ढवळल्याचा आवाज येत होता.

मला एकदा विचारलं असतं तर? ताईसाठी मी कदाचित हो म्हटलं असतं. रडले असते, भांडले असते, पण माझ्या हाताने दिलं असतं. तिने मला विचारायच्या लायकीचंही समजलं नाही. काळोखात उभं केलं आणि पाय न वाजवता निघून गेली.

उठताना भिंतीवरचा फोटो दिसला. टिल्लीच्या त्याच रोलमधला, स्टुडिओतून मोठा करून आणलेला. ताई परत आली होती, दारात उभी राहून हसत होती.

तिच्या मागे, अंधाऱ्या पॅसेजमध्ये, आणखी कुणीतरी होतं. पुसट. अंगावर शाल.

"हा मला दे," मी म्हटलं.

टिल्लीने फोटो काढून छातीशी धरला. "नाही गं. यात ताई आहे."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बाबांना मी एवढंच सांगितलं की रोल वाया गेला. त्यांनी कॅमेरा पुसून कपाटात ठेवला.

मी टिल्लीशी मनाने पुन्हा कधीच जुळले नाही. पण तिच्या घरी जाते. आई बघायची असेल तर मला तिथेच जावं लागतं, आणि दार टिल्लीच उघडते.

फोटोतली शाल पूर्वी पॅसेजच्या टोकाला होती. मग निम्म्यावर आली. मागच्या खेपेला गेले तेव्हा ताईच्या अगदी पाठीशी होती, आणि ताईच्या खांद्यावर एक हात होता. चेहरा अजून अंधारातच आहे. तो आईचाच आहे असं मी स्वतःला सांगते.

ताई म्हणाली, हल्ली लवकर दमते गं. सरबत द्यायलाही उठली नाही.

मी फोटोसमोर उभी होते. टिल्ली मागे येऊन उभी राहिली. तिला काही दिसत नसावं.

"एवढं काय बघतेस गं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही."