मानेला विचारा

मंगळवारी सुकन्याची मान आखडली. कॉलेजच्या ऑफिसात आठ तास कॉम्प्युटर आणि घरी उरलेला वेळ मोबाइल, या दोघांनी मिळून ते जमवलं होतं. मान खाली-वर व्हायची. डावी-उजवीकडे मात्र ठप्प. त्यामुळे जिन्यात मागून “अहो, पिशवी फाटलीय!” अशी हाक आली, तेव्हा ती सगळीच्या सगळी वळली – आणि पिशवीतली कडक भाकरी हाक मारणाऱ्याच्या छातीवर मोडली.

“सॉरी हं…”

“भाकरीला म्हणा. मला काय झालं न्हाय.” तो अजिनाथ. सांगोल्याचा, शाळेत पी.टी. शिकवणारा, वरच्या मजल्यावर नुकताच आलेला. “मान धरलीय की तुमची.”

“रविवारच्या आत सोडवायचीय. करमाळ्याचं स्थळ येतंय. मला नकार द्यायचाय.”

“मग तोंडानं द्या की.”

“आमच्यात मुलीच्या तोंडाला किंमत नाही, मानेला आहे. मोठे विचारतात, मुलीनं मान हलवायची. माझी सध्या फक्त होकाराचीच चालते.”

अजिनाथ एकदम गंभीर झाला. इतका, की त्याच संध्याकाळी गच्चीवर वर्ग सुरू झाला. पहाऱ्याला सुकन्याची आई प्रभाताई, शेंगदाणे निवडत.

“हनुवटी आत, पाच मोजा. आता कान खांद्याकडं… खांदा कानाकडं न्हाय! सावकाश. दुखलं की थांबायचं.”

“सारखं काय बघताय?”

“मान बघतोय.”

“मान जरा खाली असते, सर.”

प्रभाताईंना खोकला आला.

गुरुवारी मान बोटभर वळली. शुक्रवारी कठड्यापर्यंत. शनिवारी उजवीकडे उभ्या अजिनाथपर्यंत पोचली, आणि तिथेच राहिली.

“पाचच मोजायचे असतात…” अजिनाथ पुटपुटला.

“चुकले. परत पहिल्यापासून.”

रविवारी पोहे झाले. मुलाच्या मामांनी विचारलं, “काय पोरी, पसंत हाय न्हवं?”

सुकन्याची मान सावकाश डावीकडे गेली. मग उजवीकडे. झटका नाही.

“आखडलीय तिची मान,” वडील एकनाथराव घाईनं म्हणाले.

“आखडली होती, बाबा. आता मोकळी आहे.” आणि तिनं पुन्हा हलवून दाखवली – दोन्हीकडे, पाच-पाच मोजून.

संध्याकाळी अजिनाथ गच्चीवर उगीचच टाकीतलं पाणी बघत होता.

“दिला नकार?”

“दोन्ही बाजूंनी.”

“मग… मी विचारलं तर चालंल? म्हंजे… तुमच्या मानेला?”

सुकन्याची मान हळूच खाली गेली, वर आली.

“ही कसरत मी शिकवली न्हाय.”

“ही येत होतीच,” ती म्हणाली. “विचारणारे चुकीचे येत होते.”